तिसऱ्या रांगेतला उजेड

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या पहिल्या दिवशी, जेवणाआधीच्या सत्रात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडे नीटनेटके केले आहे.)



संयोजकांनी सांगितले की निवृत्तीनंतर ज्याने जो नाद लावून घेतला असेल, त्यावर त्याने वीस मिनिटे बोलायचे. सकाळपासून आपण शेततळ्यावर ऐकले, पेटीवादनावर ऐकले आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेवर तर दोघांकडून ऐकले. मी वीज खात्यात ३४ वर्षे काढली. लोकांच्या घरात उजेड पोचवायचा, हे काम. निवृत्त झाल्यावर कॅमेरा घेतला आणि उजेडाचाच दुसरा हिशेब मांडत बसलो. तो हिशेब तुमच्यापुढे ठेवतो. फिजिक्सचे सर पहिल्या रांगेत बसले आहेत, तेव्हा जपून बोलावे लागेल.

विषय एका वाक्यात सांगतो. एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेड घेऊन अनेक फोटो काढायचे आणि त्या सगळ्यांतला चांगला चांगला भाग जोडून एक फोटो करायचा. फोटोग्राफीवाले याला एचडीआर म्हणतात. म्हणजे हाय डायनॅमिक रेंज. नाव भारी आहे, पण गोष्ट साधी आहे. तुमच्या खिशातला मोबाइल हे काम दिवसातून कितीदा तरी करतो, तुम्हाला न सांगता.

आधी अडचण काय आहे ते पाहू. आपली नववीची सहल कार्ल्याच्या लेण्यांना गेली होती. एकवीरेचे देऊळ, त्याच्या मागे तो मोठा चैत्य. सुमारे ३८ मीटर लांबीचा दगडात कोरलेला सभामंडप, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, वर कमानीला अजूनही टिकून असलेल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या आणि दर्शनी बाजूला घोड्याच्या नालेच्या आकाराची ती भव्य खिडकी. त्या सहलीचे जे थोडे फोटो आज आपल्याकडे आहेत, ते आठवून पाहा. आतून बाहेर पाहत काढलेल्या फोटोत खिडकी पांढरी फटक आहे, नाहीतर खांब काळेकुट्ट. दोन्ही एकत्र कुठेच नाहीत. पण तिथे उभे असताना आपल्याला दोन्ही दिसत होते. मग कॅमेऱ्याला काय झाले?

हिशेब असा. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर पडणारा उजेड साधारण १ लाख लक्स असतो. लक्स हे उजेडाचे माप. लेण्याच्या आतल्या कोपऱ्यात तोच उजेड १० लक्सवर येऊ शकतो. म्हणजे दहा हजार पट फरक. त्यात आणखी भर अशी, की पांढरा सदरा आपल्यावर पडलेल्या उजेडातला बहुतेक उजेड परत टाकतो आणि काळा दगड थोडासाच. दोन्ही मिळून फरक काही लाख पटींवर जातो.

कॅमेऱ्याच्या भाषेत हा फरक ‘स्टॉप’मध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे दुप्पट. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्या घरात दोन, तिसऱ्यात चार, ही गोष्ट गणिताच्या बाईंनी आपल्याला सांगितली होती. तेच इथे. दहा स्टॉप म्हणजे १०२४ पट, चौदा स्टॉप म्हणजे १६,३८४ पट. आजचा चांगला कॅमेरा एका फोटोत बारा ते चौदा स्टॉप पकडतो. कार्ल्याच्या चैत्यात दुपारी सतरा-अठरा स्टॉप लागतात. आणि फोटो कागदावर छापला, की कागदाला जेमतेम सहा-सात स्टॉप झेपतात. कागद म्हणजे शेवटी शाई आणि पांढरेपणा. पांढऱ्या कागदाहून पांढरे काही छापता येत नाही आणि काळ्या शाईहून काळेही नाही.

मग डोळ्यांना हे कसे जमते? डोळ्याची बाहुली लहानमोठी होते म्हणून, असे आपण दहावीच्या पेपरात लिहिले होते आणि मार्कही मिळवले होते. ते खरेच आहे, पण ते उत्तर पुरेसे नाही. बाहुली साधारण २ मिलिमीटरपासून ८ मिलिमीटरपर्यंत उघडते. व्यास चौपट, म्हणजे क्षेत्रफळ सोळा पट. म्हणजे फक्त चार स्टॉप. बाकीचे काम डोळ्याचा पडदा आणि मेंदू करतात. आपण खिडकीकडे पाहतो तेव्हा डोळा खिडकीपुरता जुळवून घेतो, खांबाकडे पाहतो तेव्हा खांबापुरता. मेंदू या सगळ्या नजरा गोळा करतो आणि आपल्याला वाटते की सारे एकदमच दिसले. खऱ्या अंधाराला सरावायला तर डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात. म्हणजे डोळासुद्धा एका नजरेत सगळे पाहत नाही. अनेक नजरा जोडतो. कॅमेऱ्यालाही तेच शिकवायचे, एवढीच या सगळ्यामागची कल्पना.

ही कल्पना कॉम्प्युटरच्या आधीची आहे. फ्रान्समध्ये ग्युस्ताव्ह ल ग्रे नावाचा फोटोग्राफर होता. १८५६-५७च्या सुमारास तो समुद्राचे फोटो काढत होता. त्या काळच्या काचेच्या प्लेटला निळा रंग फार लवकर लागायचा, त्यामुळे लाटा नीट येईपर्यंत प्लेट उघडी ठेवली की आकाश करपून जायचे. फोटोत ढग नाहीतच, नुसता पांढरा पट्टा. ल ग्रेने काही फोटोंसाठी दोन निगेटिव्ह वापरल्या, एक समुद्राची, एक आकाशाची. क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही जुळवून एकच प्रिंट काढली. लोक ते फोटो पाहून थक्क झाले. आज ते जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत.

पुढे फिल्म आली, डार्करूम आली. आपल्या गावातल्या स्टुडिओत लाल दिव्याखाली काम करणारे काका आठवत असतील. ते कागदावर उजेड टाकताना मध्येच पुठ्ठ्याचा तुकडा किंवा हाताचा पंजा हलवायचे. ती जादू नव्हती. चेहऱ्यावर जास्त उजेड पडून तो काळा होऊ नये म्हणून त्याला झाकायचे आणि आकाश फिके राहू नये म्हणून त्याला थोडा जास्त उजेड द्यायचे. त्याला डॉजिंग आणि बर्निंग म्हणतात. हा एचडीआरचाच हातमाग.

डिजिटल कॅमेऱ्याच्या काळात ही गोष्ट गणितात मांडली गेली. १९९५ साली अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या स्टीव्ह मान आणि रोझलिंड पिकार्ड यांनी वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो जोडून डायनॅमिक रेंज वाढवण्यावर निबंध लिहिला. १९९७ साली बर्कली विद्यापीठात पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी अशा फोटोंवरून त्या जागेतला खरा उजेड किती होता हे काढण्याची रीत दिली. हे मलिक आपल्या आयआयटी कानपूरचे. आणि २००० साली कोलंबिया विद्यापीठातल्या श्री नायर यांनी तोमू मित्सुनागा यांच्याबरोबर एक वेगळीच युक्ती मांडली. सेन्सरवरच्या शेजारशेजारच्या बिंदूंना मुद्दाम कमी-जास्त उजेड द्यायचा, म्हणजे एकाच फोटोत अनेक एक्स्पोजर मिळतात. नायरही भारतातच शिकून तिकडे गेलेले.

आता प्रत्यक्ष कृती. सुगरणींनी आणि सुगरणांनी लक्ष द्यावे, कारण ही पाककृतीच आहे.

कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवायचा. संरक्षित लेण्यात तिपाई लावायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढावी लागते, हे लक्षात ठेवा. ॲपर्चर एकच ठेवायचे, समजा एफ ८. आयएसओ १००. फोकस एकदा जुळवला की ऑटोमॅटिकवरून काढायचा. रंगाचा तोल म्हणजे व्हाइट बॅलन्ससुद्धा पक्का करायचा. बदलायचा तो फक्त शटरचा वेळ. ॲपर्चर बदलले तर कुठपर्यंत स्पष्ट दिसते तेच बदलते आणि मग फोटो एकमेकांवर बसत नाहीत. कार्ल्याला मी सात फोटो घेतो. सेकंदाचा पाचशेवा भाग, मग सव्वाशेवा, तिसावा, आठवा, मग अर्धा सेकंद, दोन सेकंद आणि आठ सेकंद. प्रत्येक वेळी दोन-दोन स्टॉपची उडी. पहिल्या फोटोत खिडकीबाहेरचे आकाश आणि ढग येतात, बाकी सगळी काजळी. शेवटच्या फोटोत खांबांच्या मागची भिंत आणि वरच्या फासळ्या येतात, खिडकी मात्र पेटलेली. बटण बोटाने दाबायचे नाही, टायमर लावायचा. बोटाचा धक्काही फोटोत दिसतो.

हे सात फोटो जोडायचे कसे? इथे मला बाजारपेठेतले तीन काटे आठवतात. सोनाराचा काटा, वाण्याचा तराजू आणि लाकडाच्या वखारीतला मोठा काटा. सोनाराच्या काट्यावर गुंज मोजता येते, पण त्यावर गुळाची ढेप ठेवली तर काटा टेकतो आणि काहीच कळत नाही. वखारीच्या काट्यावर ढेप मोजता येते, पण गुंज ठेवली तर काटा हलतही नाही. प्रत्येक काटा आपल्या मापात खरा आहे. फोटोंचेही तसेच. आठ सेकंदांचा फोटो अंधाराबद्दल खरे बोलतो, पाचशेव्या भागाचा उन्हाबद्दल. कॉम्प्युटर एकेका बिंदूपाशी जातो आणि सातही फोटोंना विचारतो, ‘इथे उजेड किती?’ ज्या फोटोत तो बिंदू पांढरा होऊन टेकला आहे किंवा काळ्यात बुडाला आहे, त्याच्या सांगण्याला किंमत द्यायची नाही. ज्यात तो मधल्या मापात आहे, त्याच्या सांगण्याला जास्त किंमत. मग प्रत्येक फोटोतल्या आकड्याला त्याच्या वेळेने भागायचे. आठ सेकंदांत जेवढा उजेड साठला, त्याला आठने भागले की एका सेकंदाचा उजेड. अर्ध्या सेकंदात साठला, त्याला अर्ध्याने भागले की तोही एका सेकंदाचा. सगळी उत्तरे जवळपास सारखीच यायला हवीत. त्यांची किमतीप्रमाणे सरासरी घेतली, की त्या बिंदूचा उजेड मिळाला. सर, एवढे बरोबर आहे ना? (सरांनी मान हलवली, ती छायाचित्रात आली आहे.)

यात एक अट आहे. कॅमेऱ्याने दिलेला आकडा उजेडाच्या प्रमाणात असायला हवा. ‘रॉ’ फाइलमध्ये तो साधारण तसा असतो. नेहमीच्या जेपेग फोटोत मात्र कॅमेऱ्याने तो डोळ्यांना बरा दिसावा म्हणून वाकवलेला असतो. ती वक्ररेषा शोधून आकडे आधी सरळ करावे लागतात. डेबेवेक आणि मलिक यांचे काम नेमके हे होते.

हे झाल्यावर आपल्या हातात सतरा-अठरा स्टॉपचा हिशेब असतो आणि कागदाला झेपतात सहा-सात. मग तो हिशेब दाबून कागदावर बसवायचा. याला टोन मॅपिंग म्हणतात आणि इथे माणसाची पारख लागते. ओढाताण केली की प्रत्येक दगडाभोवती उजेडाची कड दिसते, आकाश जांभळे होते आणि लेणे नाटकाच्या पडद्यासारखे दिसू लागते. फोडणीत हिंग जास्त झाले की मग वरण, भाजी, कोशिंबीर सगळ्याला एकच वास येतो, तसे. २००७ साली टॉम मर्टेन्स, यान काउट्झ आणि फ्रँक व्हान रीट यांनी आणखी सोपी वाट दाखवली. उजेडाचा हिशेब मांडायचाच नाही. प्रत्येक फोटोतला जो भाग ठळक, रंगाने भरलेला आणि मध्यम उजेडाचा आहे, तो जास्त प्रमाणात घेऊन फोटो थेट एकमेकांत मिसळायचे. घरगुती कामाला ही रीत पुष्कळ पुरते.

आणि एक मर्यादा. सात फोटो काढेपर्यंत जे हलते, ते भुतासारखे उमटते. पर्यटकांचे अर्धे पाय, झाडाची दुहेरी फांदी. म्हणून मी सकाळी लवकर जातो. कार्ल्याच्या चैत्याचे तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी दर्शनी भाग सावलीत असतो, उजेडाचा फरकही कमी असतो आणि माणसेही.

तुमच्या मोबाइलला तिपाई लागत नाही, कारण तो चाल वेगळी खेळतो. बरेच मोबाइल थोड्या वेळाचे, मुद्दाम अंधारे ठेवलेले अनेक फोटो एका दमात काढतात. अंधारे अशासाठी, की ऊन करपू नये. मग ते एकमेकांवर बसवून सरासरी घेतात. अंधाऱ्या फोटोत जे दाणेदार खडखडीत दिसते, ते प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असते. सरासरी घेतली की ते विरते. नऊ फोटो घेतले तर तिसऱ्या हिश्श्यावर येते, सोळा घेतले तर चौथ्या. खरा चेहरा मात्र प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो, म्हणून तो टिकतो.

इथवर तंत्र झाले. आता ज्या कामासाठी मला हे सगळे उपयोगी पडले, ते सांगतो.

आपला १९७९चा दहावीचा ग्रुप फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे आहे. मैदानात काढलेला. पहिल्या रांगेत खुर्च्यांवर गुरुजन, मागे दोन रांगा, बाकांवर उभी तिसरी. डावीकडच्या कोपऱ्यात कडुनिंबाची सावली पडली होती आणि तिसऱ्या रांगेतले सात जण त्या सावलीत होते. आपल्या सगळ्यांच्या प्रिंटवर तो कोपरा काळा आहे. पांढरे सदरे तेवढे राखाडी दिसतात, वर चेहरे नाहीत. प्रिंट खुर्च्यांवरच्या उन्हाला धरून काढली होती आणि साठ-सत्तर प्रती काढायच्या असताना प्रत्येक प्रतीला पुठ्ठा हलवत कोण बसणार?

त्या सातांत हजेरीपटावरचा ४१ नंबर होता. नाव घेत नाही, पण तुम्हाला कळले. दहावीनंतर दोन वर्षांतच तो तापाने गेला. त्याची धाकटी बहीण आपल्याच शाळेची, आपल्यामागे चार वर्षे. ती आज आलेली नाही. तिच्या परवानगीने हे सांगतो आहे. दीड वर्षापूर्वी तिने मला फोन केला. घरात दादाचा एकही फोटो नाही. वेगळा फोटो काढायची तेव्हा ऐपत नव्हती. आहे तो एवढाच, आणि त्यात दादा काळा. ‘तू कॅमेऱ्याचे काहीतरी करतोस म्हणे. दिसेल का रे तो?’

प्रिंटमधून काही निघणार नव्हते. कागदावर जे काळे झाले ते काळेच. पण प्रिंटमध्ये नसलेले पुष्कळदा निगेटिव्हमध्ये असते, कारण फिल्म कागदापेक्षा कितीतरी जास्त उजेड-सावली धरते. गावातला तो स्टुडिओ बंद झाला, पण काकांच्या मुलाने जुने खोके फेकले नव्हते. चार दुपारी शोधून ‘दहावी ७९’ लिहिलेले पाकीट सापडले. आत ६ बाय ९ सेंटीमीटरची काळ्या-पांढऱ्या फिल्मची निगेटिव्ह.

निगेटिव्हमध्ये सगळे उलटे असते. उन्हातले सदरे गडद, सावलीतले चेहरे जवळजवळ पारदर्शक. ती प्रकाशाच्या पाटीवर ठेवून, वरून मॅक्रो लेन्सने, मी कार्ल्याचीच रीत वापरली. गडद भागातून उजेड यावा म्हणून जास्त वेळाचे फोटो, पातळ भाग धुऊन जाऊ नये म्हणून कमी वेळाचे. पाच वेगवेगळ्या वेळा आणि प्रत्येक वेळेचे सोळा फोटो. एकूण ऐंशी. सोळा अशासाठी, की चेहऱ्यांची खूण फार पुसट होती आणि कॅमेऱ्याचा खडखडाट त्याहून मोठा. सरासरीने तो चौथाईवर आला. फिल्मचा स्वतःचा दाणा मात्र सरासरीने जात नाही, तो फिल्मवरच आहे.

सातांपैकी पाच चेहरे चांगले ओळखू येतील इतके उजळले. दोन पुसटच राहिले आणि त्यातला एक ४१ नंबरचा. कपाळ, केसांचा भांग, उजवा कान, गालाची कड, मानेचा कल. डोळ्यांच्या जागी दोन मऊ सावल्या. तिथे फिल्मवर पुरेसा उजेड पोचलाच नव्हता. जे उजेडाने लिहिलेच नाही, ते ऐंशी फोटो जोडूनही वाचता येत नाही.

मी हा फोटो घेऊन तिच्या घरी गेलो, तेव्हा तिच्या मुलाने आधीच एक काम करून ठेवले होते. आईची तगमग पाहून त्याने जुनी प्रिंट मोबाइलच्या कुठल्याशा ॲपमध्ये घातली होती. चेहरे ‘सुधारून’ देणारे ॲप. त्याने दिलेला चेहरा अगदी स्वच्छ होता. पाणीदार डोळे, सरळ नाक, समोर पाहणारा देखणा मुलगा. पोराने मायेनेच केले होते. तिने तो मला दाखवला आणि म्हणाली, ‘छान आहे रे. पण हा कोण?’

मग मी माझा पुसट फोटो तिच्या हातात दिला. तिने चष्मा बदलला, उजेडाकडे गेली, बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, ‘हा दादा. त्याला डाव्या कानाने कमी ऐकू यायचं. म्हणून तो नेहमी मान अशी वळवून उजवा कान पुढे करायचा. फोटोवाला काय सांगतो ते ऐकत असेल.’

ॲपने नेमकी ती मान सरळ केली होती.

मित्रहो, जोडणे आणि रचणे यांतला फरक मला त्या दिवशी नीट उमगला. एक्स्पोजर जोडतो तेव्हा आपण उजेडाने दिलेल्या साक्षी एकत्र करतो. एखादी साक्ष कमी पडली तर तिथे अंधार ठेवतो. ते ॲप साक्ष घेत नाही. लाखो लोकांचे चेहरे पाहून, इथे साधारण कसा चेहरा असतो, ते स्वतः भरते. वाढदिवसाच्या शुभेच्छापत्राला ते ठीक आहे. पण ज्याचा दुसरा फोटोच नाही, त्याच्या जागी असा रचलेला चेहरा भिंतीवर लागला, तर दोन पिढ्यांनी तोच खरा होईल आणि कान पुढे करून ऐकणारा मुलगा कायमचा जाईल. तिच्या मुलाला मी हे समजावले नाही. आईने पुसट फोटोच चौकटीत घालायला सांगितला, त्यातच त्याला कळले.

वेळ संपत आली आहे. तीन विनंत्या करतो.

पहिली. घरात जुन्या निगेटिव्ह असतील तर टाकू नका. प्रिंट आहे म्हणून निगेटिव्ह फेकणे म्हणजे पावती आहे म्हणून पैसे टाकून देणे. कोरड्या जागी, कागदी पाकिटात ठेवा, वर वर्ष लिहा. माझ्याकडे आणून दिल्यात तर मी कॅमेऱ्याने उतरवून परत देईन.

दुसरी. उद्या सकाळी आठ वाजता ग्रुप फोटो आहे. मैदानात नाही, शाळेच्या इमारतीच्या सावलीत. सगळे उन्हात किंवा सगळे सावलीत, अर्धे-अर्धे कुणी नाही. मी पाच एक्स्पोजर घेणार आहे, तेव्हा पाचपर्यंत मोजेस्तोवर कुणी हलायचे नाही, आणि मागच्या बाकावरच्या मंडळींनी शेजाऱ्याच्या डोक्यावर दोन बोटे धरायची असतील तर तीही पाचपर्यंत धरून ठेवावीत.

तिसरी. बाहेर पडवीत तो १९७९चा फोटो मोठा करून लावला आहे. शेजारी वही ठेवली आहे. सावलीतल्या सातांपैकी सहा जणांची नावे लागली. तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरा मुलगा कोण, हे मात्र अजून कुणाला सांगता आलेले नाही. हजेरीपटावरची नावे आणि चेहरे जुळवून पाहिले, तरी एक नाव आणि एक चेहरा यांची गाठ पडत नाही. त्या काळात कुणाची बदली झाली, कुणी मध्येच शाळा सोडली, हे बाईंना आणि सरांना आठवत असेल. जेवायला जाण्याआधी सगळ्यांनी एकदा त्या चेहऱ्याकडे पाहून जा.